स्पेस गेममधला अंधार: खरा वाटला पाहिजे आणि खेळताही आलं पाहिजे

स्पेस गेम बनवणाऱ्यांमध्ये हा वाद कायम असतो. एक जण म्हणतो अवकाशात हवा नाही, प्रकाश पसरत नाही, म्हणजे सावली कुट्ट काळीच पाहिजे, आणि दुसरा म्हणतो मग प्लेयरला दिसणार काय, वाढव अँबियंट (सगळीकडे सारखा पसरलेला उजेड). मला दोन्ही पटत नाही. "रिअलिस्टिक" म्हणून ठेवलेला अंधार बहुतेक वेळा रिअलिस्टिक नसतोच, खऱ्या अवकाशात असलेला अर्धा प्रकाश सीनमध्ये टाकायचाच राहून गेलेला असतो. आधी तो टाका, आणि मग जिथे खरंच काही उरत नाही तिथे डिझाइनने रस्ता काढा. या क्रमाने गेलात तर भांडण बरंचसं आपोआप मिटतं.

उदाहरणाला एकच सीन धरतो: पृथ्वीपासून ४०० किलोमीटर वर एक स्टेशन, आणि एक छोटं यान त्याला डॉक करतंय. सेटिंगची नावं गोडो ४ या गेम इंजिनची सांगतो कारण ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं, अनरिअल किंवा युनिटी वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

पायरी १: सगळं बंद करा, फक्त सूर्य ठेवा

वर्ल्ड एन्व्हायर्नमेंटमध्ये अँबियंट लाइट डिसेबल्ड करा, रिफ्लेक्शन बंद, ग्लो बंद. एक डायरेक्शनल लाइट (सगळीकडे एकाच दिशेने येणारा प्रकाश) ठेवा. रंग पांढरा, पिवळा नको, सूर्य पिवळा दिसतो तो आपल्या वातावरणामुळे, वर गेलं की तो पांढराच. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फिजिकल लाइट युनिट्स चालू केले तर थेट लक्समध्ये (उजेड मोजायचं एकक) आकडा देता येतो, पृथ्वीच्या अंतरावर वातावरणाबाहेर साधारण १,३३,००० लक्स. फिजिकल युनिट्स नको असतील तरी चालेल, पुढचे सगळे आकडे सूर्याच्या तुलनेत काढता येतात.

सूर्य पृथ्वीवरून साधारण ०.५३ अंश दिसतो, तोच आकडा लाइटच्या अँग्युलर डिस्टन्समध्ये टाका. गोडोत तो मुळात शून्य असतो म्हणून सावलीची कड ब्लेडने कापल्यासारखी येते. अनरिअलमध्ये सोर्स अँगल आधीच त्याच्या जवळपास असतो. मोबाइलसाठी बनवत असाल तर हे सोडा, परफॉर्मन्स खातं. एक मात्र बघाच, गोडोत डायरेक्शनल शॅडोचं मॅक्स डिस्टन्स मुळात १०० मीटर असतं, स्टेशन त्याहून मोठं असेल तर लांबच्या भागावर सावलीच पडणार नाही आणि तुम्ही उगाच लाइटिंगमध्ये चूक शोधत बसाल.

आता चालवून बघा. यानाची एक बाजू भगभगीत, दुसरी गायब. हेच बरेच जण रिअलिस्टिक म्हणून शिप करतात.

पायरी २: खाली पृथ्वी आहे, तिचा उजेड कुठे गेला?

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा वेळ घालवतो.

४०० किलोमीटरवरून पृथ्वी आकाशाचा जवळपास १४० अंश भाग व्यापते, म्हणजे यानाच्या खाली जवळजवळ अख्खा गोलार्ध पृथ्वीच. आणि ती सूर्याचा सुमारे ३० टक्के प्रकाश परत फेकते. हिशोब सोपा आहे: सूर्याचा प्रकाश गुणिले ग्रहाचा अल्बेडो (किती प्रकाश परत फेकतो तो हिस्सा) गुणिले (ग्रहाची त्रिज्या भागिले ग्रहाच्या मध्यापासून यानाचं अंतर) याचा वर्ग. ६,३७१ भागिले ६,७७१, त्याचा वर्ग साधारण ०.८८, गुणिले ०.३, म्हणजे सूर्याच्या पाव हिश्श्याहून थोडा जास्त. लक्समध्ये ३५,००० च्या आसपास! दिवसाच्या बाजूला यानाचं पोट काळं नसतंच, सूर्याकडच्या बाजूपेक्षा फक्त दोन स्टॉपने कमी असतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पोर्ट्रेट काढणारा फोटोग्राफर फिल लाइट (सावली उजळणारा दुसरा दिवा) साधारण एवढाच ठेवतो.

चंद्राजवळ हे कमी होतं कारण चंद्राचा अल्बेडो ०.११ च्या आसपास, म्हणजे सुमारे तीन स्टॉप खाली, पण तरी काळोख नाही. १९६९ चे अपोलो ११ चे फोटो आठवा, शिडीवरून उतरणारा बझ ऑल्ड्रिन यानाच्या सावलीत आहे आणि तरी त्याच्या सूटच्या घड्या स्वच्छ दिसतात. तो उजेड आजूबाजूच्या उन्हात तापलेल्या मातीवरून आलेला. तुमच्या गेममध्ये चंद्रावर उतरल्यावर यानाच्या सावलीत काहीच दिसत नसेल तर तुमचा गेम खऱ्या चंद्रापेक्षा काळा आहे.

सीनमध्ये आणायचं असं: दुसरा डायरेक्शनल लाइट घ्या, त्याची दिशा दर फ्रेमला ग्रहाच्या मध्याकडून यानाकडे अशी ठेवा, शॅडो बंद, आणि स्पेक्युलर (चकाकी) शून्य. स्पेक्युलर शून्य कशासाठी तर पृथ्वी हा केवढा तरी मोठा मऊ प्रकाश आहे, आणि डायरेक्शनल लाइट त्याचा चकाकता ठिपका करून टाकतो, यानाच्या पोटावर दुसरा सूर्य असल्यासारखा. तो ठिपका दिसला की सगळं खोटं वाटायला लागतं. रंग पृथ्वीसाठी किंचित निळसर, मंगळासाठी तांबूस, गुरूसाठी सायीसारखा.

यान दिवसाच्या बाजूला आहे की रात्रीच्या, तेही धरायला हवं. ग्रहाच्या मध्यापासून सूर्याकडची दिशा आणि यानाकडची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात तो आकडा, १ ते उणे १) घ्या, त्यात एक मिळवा, दोनने भागा, आणि आलेल्याचा वर्ग करा. तंतोतंत फिजिक्स नाहीये हे, पण डोळ्याला पटतं आणि चार ओळींत होतं. वरच्या सूत्राला याने गुणा, झाला तुमचा ग्रहप्रकाश. प्लेयर स्टेशनला वळसा घालतो तसा पोटाखालचा निळसर उजेड हळूहळू कमी होत जातो, आणि हे बघताना जी मजा येते ती सपाट अँबियंटने कधीच येणार नाही.

ग्रहापासून लांब गेलात की हा उजेड झपाट्याने संपतो. त्रिज्येच्या दहापट अंतरावर वर्गाचा आकडा शंभरावा हिस्सा होतो. म्हणजे ग्रहाजवळ सुरक्षित आणि उजेड, लांब गेलं की अंधार आणि भीती, लेव्हल डिझाइनला लागणारा चढउतार निसर्गानेच दिलाय.

पायरी ३: धातूचं यान काळं का दिसतं

पीबीआर मटेरियलमध्ये (खऱ्या प्रकाशाच्या नियमांवर बेतलेलं मटेरियल) धातूला स्वतःचा असा डिफ्यूज (प्रकाश विखरून दिसणारा) रंग नसतो, तो फक्त आजूबाजूचं दाखवतो. आजूबाजूला काळं आकाश, म्हणून यान काळं. मग लोक लाइटची एनर्जी वाढवत सुटतात, त्याने कडा जळतात आणि मधला भाग काळाच राहतो.

उपाय असा की स्क्रीनवर दिसणारं आकाश आणि रिफ्लेक्शनमधलं आकाश वेगळं करा. गोडोच्या स्काय शेडरमध्ये रेडियन्स क्यूबमॅप (रिफ्लेक्शनसाठीचं आकाशाचं चित्र) बनतोय की पडद्यावर काढतोय हे तपासायची सोय आहे. क्यूबमॅपच्या वेळी खाली ग्रहाचा निळसर पांढरा पट्टा, वर आकाशगंगेची अगदी पुसट पट्टी, बाकी गडद, असा ग्रेडियंट द्या, आणि पडद्यावर मात्र काळंच आकाश आणि तारे. अनरिअलमध्ये स्कायलाइटला स्वतःचा क्यूबमॅप देता येतो, युनिटीत एन्व्हायर्नमेंट रिफ्लेक्शन कस्टम करता येतं. शिवाय मटेरियलही थोडं सुधारा, यानाचा सगळा पत्रा मेटॅलिक १ ठेवायची गरज नाही. खऱ्या यानांवर पांढरा रंग आणि इन्सुलेशनची कापडं भरपूर असतात, त्यांना डिफ्यूज असतं, आणि तेच सावलीत आकार दाखवतं.

पायरी ४: एक्सपोजर, म्हणजे प्लेयरचा डोळा

दुसरा मोठा गैरसमज, सूर्यापासून लांब गेलं की सगळं काळं. अंतराच्या वर्गाने प्रकाश कमी होतो हे बरोबर. मंगळावर पृथ्वीच्या ४३ टक्के, गुरूजवळ २७ वा हिस्सा, शनीजवळ ९२ वा, नेपच्यूनजवळ ९०० वा. पण ९०० वा हिस्सा म्हणजे किती? १,३३,००० ला ९०० ने भागा, १५० लक्सच्या आसपास येतं. घरात ट्यूबलाइट लावल्यावर साधारण तेवढाच उजेड असतो, आणि पौर्णिमेच्या चांदण्याच्या (सुमारे ०.३ लक्स) तो कित्येक शे पट आहे. नेपच्यूनजवळ उभा राहिलेला माणूस आरामात वाचू शकेल. त्यामुळे तिथे लाइटची एनर्जी खरोखर ९०० ने भागून एक्सपोजर तसंच ठेवणं हे चुकीचंच आहे, डोळा जुळवून घेतो हे तुम्ही विसरलात.

मी असं करायला सांगेन: नेपच्यूनचा फरक साधारण दहा स्टॉपचा, त्यातले साडेआठ स्टॉप एक्सपोजरने भरून काढा, दीड स्टॉप कमी राहू द्या. त्या दीड स्टॉपने "आपण लांब आलोय" हे जाणवतं. बाकीची जाणीव सूर्याच्या आकाराने द्या, तिथे तो जवळपास ठिपका असतो आणि सावल्या अजून धारदार होतात. अँग्युलर डिस्टन्सचा आकडाही अंतराने भागत जा.

ऑटो एक्सपोजरच्या भरवशावर मात्र राहू नका. स्पेस गेममध्ये ऐंशी टक्के पडदा काळा असतो, अल्गोरिदमला वाटतं सीन अंधारा आहे, तो एक्सपोजर वाढवतो आणि यान पांढरंफटक होतं. मग प्लेयर पृथ्वीकडे वळला की सगळं धाडकन अंधारतं. वळल्यावळल्या उजेड वरखाली होणं ही डोकं दुखवणारी गोष्ट आहे. वापरायचंच तर किमान आणि कमाल मर्यादा जवळजवळ ठेवा, दोन-तीन स्टॉपचा पल्ला पुरे. युनिटीच्या एचडीआरपीत (त्याची भारी ग्राफिक्सची पद्धत) मीटरिंगला, म्हणजे उजेड मोजण्याला, मास्क लावता येतो, तो यानाभोवती लावा. गोडोत मी सरळ स्क्रिप्टने एक्सपोजर ठरवतो, सूर्यापासूनचं अंतर आणि उन्हात आहे की सावलीत एवढ्या दोनच गोष्टींवरून, आणि तो दोन-तीन सेकंदांत सरकवतो. खऱ्या डोळ्याला पूर्ण अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ कुणाकडून घेऊ नका.

ताऱ्यांचंही इथेच ठरतं. उन्हातल्या यानाला एक्सपोज केलं की तारे दिसत नाहीत, अपोलोच्या फोटोंत नाहीत ते याचमुळे. पण गेममध्ये तारे पूर्ण घालवले तर यान वळतंय की थांबलंय हेच कळत नाही, म्हणून इथे मी बिनधास्त रिअलिझम सोडतो. तारे ठेवा, उन्हात मंद करा, सावलीत शिरल्यावर हळूहळू वाढवा. सावलीत शिरल्याशिरल्या आकाशगंगा उमलताना दिसते, तेव्हा प्लेयर काही न करता नुसता बघत बसतो.

पायरी ५: खरा अंधार

आता तो भाग जिथे फिजिक्स मदतीला येत नाही. यान पृथ्वीच्या सावलीत शिरलं. ९२-९३ मिनिटांच्या फेरीत जास्तीत जास्त ३६ मिनिटं सावली असते. ही सावली इंजिनच्या शॅडो मॅपने पडणार नाही, गणिताने काढा: यान ग्रहाच्या मागच्या बाजूला आहे का, आणि सूर्याच्या दिशेच्या रेषेपासून त्याचं अंतर ग्रहाच्या त्रिज्येपेक्षा कमी आहे का. दोन्ही हो असेल तर सूर्य बंद. हा बदल वातावरण सोडून हिशोब केला तर आठेक सेकंदांत होतो, गेममध्ये पंधरा-वीस सेकंदांपर्यंत ताणा, मध्ये थोडा तांबडा रंग येऊ द्या, कारण पृथ्वीच्या कडेवरून येणारं ऊन सूर्यास्ताचं असतं.

त्यानंतर उरतं चांदणं असेल तर ०.३ लक्स, नाहीतर ताऱ्यांचा एक हजारांश लक्सच्या आसपासचा उजेड. उन्हाशी तुलना केली तर तब्बल २७ स्टॉपचा फरक. कुठलाही मॉनिटर हे दाखवू शकत नाही. इथे एकच प्रश्न विचारायचा: प्लेयरला ह्या क्षणी नेमकं काय कळलंच पाहिजे? डॉकिंगमध्ये उत्तर तीनच गोष्टी आहेत, पोर्ट कुठे आहे, ते कुठल्या बाजूला वळलंय, आणि मधे आडवं काय येतंय. बाकी सगळं काळं राहू द्या, त्यातच तर मजा आहे.

पोर्टभोवती दिवे द्या, पण नुसतं गोल कडं नको, ते कुठूनही सारखंच दिसतं. वरच्या बाजूला दोन दिवे जवळजवळ आणि खाली एक, म्हणजे यान किती कललंय ते लगेच कळतं. जहाजांसारखे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा द्या, पण बऱ्याच पुरुषांना लाल-हिरवा फरक कळत नाही म्हणून लुकलुकण्याची लयही वेगळी ठेवा. एमिसिव्ह (नुसता चमकताना दिसणाऱ्या) दिव्याला शेजारच्या पत्र्यावर पडणारा छोटा ऑम्नी लाइट (सगळ्या बाजूंना पसरणारा) जोडा. दिवा पेटलेला दिसतो पण शेजारचा पत्रा काळा, हे फार स्वस्त दिसतं. त्या हातभर उजेडात एखादा खिळा, एखादी पाटी, पत्र्याचा जोड दिसला की अख्ख्या स्टेशनचा आकार डोक्यात उभा राहतो.

यानाचे हेडलाइट दोन प्रकारचे लागतात, लांबचा अरुंद आणि जवळचा रुंद. गोडोत अटेन्युएशन २ केलं की अंतराच्या वर्गाचा खरा नियम लागतो, पण मग जवळचं जळतं आणि लांबचं दिसत नाही, म्हणून लांबच्या दिव्याला १ ठेवायला मला काही गैर वाटत नाही. प्रकाशाचा शंकू मात्र दाखवू नका, धूळच नाही तर शंकू कशावर दिसणार. धूमकेतूजवळ किंवा गॅस गळतीच्या जागी दाखवा, तिथे तो एकदम खास वाटेल.

तिसरा मार्ग सिल्हूट. वस्तू काळीच ठेवायची, मागचं आकाश किंचित उजळ करायचं. १९९९ च्या होमवर्ल्ड या गेमने आकाशभर रंगांचे मऊ ढग टाकले आणि यानांचे आकार त्यावर सुटून दिसले, अजून ते जुनं वाटत नाही. आणि चौथा मार्ग यंत्रं: एलिट डेंजरसने डिसेंबर २०१८ च्या अपडेटमध्ये नाइट व्हिजन आणलं. ते तुम्ही देणार असाल तर त्याची किंमत ठेवा, रंग जाऊ देत, पल्ला कमी असू देत, पॉवर खाऊ देत, नाहीतर प्लेयर ते चालू करून कधीच बंद करणार नाही आणि तुमची एवढी मेहनत हिरव्या रेषांमागे जाईल.

पायरी ६: लघुग्रह

लघुग्रह खरंच काळे असतात, बेन्नूचा अल्बेडो ४ टक्क्यांच्या आसपास आहे, कोळशाइतका. शेजारी ८० टक्क्यांचं पांढरं यान ठेवलं तर वीसपट फरक, एकाला एक्सपोज केलं की दुसरं गेलं. म्हणून दगड ८ ते १० टक्क्यांवर आणा, यान ४०-५० वर उतरवा, फरक पाचपटीवर येतो आणि तरी दगड काळेच वाटतात. अंधाऱ्या बाजूने येऊन आदळणाऱ्या दगडाने प्लेयर मेला तर त्याला ते अन्याय वाटतं, आणि बरोबरच आहे त्याचं. आदळायच्या आधी त्या दगडाने मागचे तारे झाकले पाहिजेत किंवा हेडलाइट त्यावर पडला पाहिजे, निदान रडारचा आवाज तरी यायला हवा.

पायरी ७: टोनमॅप आणि आकडे

टोनमॅप म्हणजे सीनमधला उजेड पडद्याच्या पल्ल्यात बसवणं, आणि त्यातला एसीईएस टोनमॅप गडद भाग आणखी चिरडतो, स्पेस गेममध्ये हे नको तिथे लागतं. गोडो ४.४ पासून एजीएक्स हा दुसरा टोनमॅप आहे, ते एकदा लावून बघा, उन्हाच्या कडा जळत नाहीत आणि सावल्याही जगतात. मग स्क्रीनशॉट काढा आणि कुठल्याही फोटो एडिटरमध्ये आयड्रॉपरने मोजा. माझे अंदाजे आकडे २५५ पैकी असे: रिकामं आकाश ५ ते १२, यानाची सावलीतली बाजू २५ ते ४०, उन्हातली १६० ते २२०, आणि पूर्ण २५५ फक्त सूर्य आणि दिवे. आकाश आणि सावलीची बाजू यांच्यातलं अंतर हे सगळ्यात महत्त्वाचं. अँबियंट वाढवून दोन्ही ४० वर नेलं तर उजेड वाढला पण दिसणं वाढलं नाही, फक्त सगळं राखाडी झालं.

गडद ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसतात, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये डीबँडिंग चालू करा.

पायरी ८: दुसऱ्याच्या खोलीत तपासा

तुम्ही रात्री दिवे घालवून चांगल्या मॉनिटरवर गेम बनवता, खेळणारा दुपारी खिडकीजवळ स्वस्त लॅपटॉपवर खेळतो. एका मित्राला असंच बसवलं होतं, त्याने पहिल्या दोन मिनिटांत स्क्रीन मागेपुढे कलवली, मग एका हाताने उजेड अडवून दुसऱ्या हाताने यान चालवायला लागला. काही बोलला नाही तो, पण तो हात बघून जे कळलं ते कुठल्याही फीडबॅक फॉर्ममध्ये आलं नसतं. टेस्टरच्या पडद्याकडे बघू नका, त्याच्या खांद्याकडे आणि मानेकडे बघा, पुढे वाकला की तिथे सीन अंधारा आहे.

सेटिंगमध्ये दोन वेगळे स्लायडर द्या. एक ब्राइटनेसचा, ज्याबरोबर तीन चिन्हांचं चित्र हवं: एक स्पष्ट दिसणारं, एक जेमतेम, एक न दिसणारं. दुसरा फक्त सावली उचलणारा, जो आकाशाला हात न लावता ग्रहप्रकाश आणि रिफ्लेक्शन वाढवतो. केर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये अँबियंट वाढवायची सोय आहे आणि लोक ती वापरतात, त्यात गेमचा काही अपमान नाही. मल्टिप्लेयर असेल तर दुसऱ्या स्लायडरला मर्यादा घाला, आणि शत्रू दिसणं अंधारावर अवलंबून ठेवूच नका, कारण मॉनिटरचा गॅमा वाढवणाऱ्याला तुम्ही थांबवू शकत नाही.

ट्रेलर काढताना वेगळं एक्सपोजर ठेवा, पाऊण ते एक स्टॉप वर. व्हिडिओ कॉम्प्रेशन गडद भागाचे चौकोन करून टाकतं, आणि फोनवर अंगठ्याएवढ्या चित्रात सावलीची बाजू तर पूर्णच जाते. डॉकिंगचा शॉट दिवसाच्या बाजूचा घ्या, पोटाखाली निळा उजेड असलेला, आणि रात्रीचा एकच ठेवा, ज्यात पोर्टचे तीन दिवे स्वच्छ दिसतात.